परदेशातून परतल्यावर ठाणे-नवी मुंबईत स्वयंसेवी संस्थेची नोकरी: सुरुवात कुठून करायची

बाहेरची मास्टर्स, तिथल्या चॅरिटीतला दोन-तीन वर्षांचा अनुभव आणि बऱ्यापैकी सीव्ही घेऊन माणूस घोडबंदर रोडच्या नाहीतर नेरुळच्या घरी परततो. महिनाभर अर्ज करतो. पोच नाही, नकार नाही, काहीच नाही. मग तो ठरवून टाकतो की इथे सगळं ओळखीवर चालतं. ओळख चालते, हे खरंच; पण तिचा नंबर दुसरा. पहिला नंबर अनुदानाचा. कुणीतरी एखाद्या प्रकल्पाला पैसे दिले की संस्थेत जागा निघते, आणि पैसे संपले की बहुतेक वेळा जागाही संपते. पैसा कुणाचा, कोणत्या महिन्यात येतो आणि कशावर खर्च करता येतो हे कळलं, की अर्ज कधी, कुठे आणि कोणत्या शब्दांत करायचा हेही कळत जातं. पुढचा क्रम त्याच हिशेबानं लावला आहे.

१. तिकडून निघण्याआधी कागद गोळा करा

इथलं एचआर ‘रिलीव्हिंग लेटर’ मागतं. बाहेरच्या बऱ्याच ठिकाणी तसं पत्र देण्याची पद्धतच नसते, आणि तिथून सुटल्यावर ऑफिसचा ईमेल बंद झाला की जुन्या मॅनेजरला गाठणं अवघड होतं. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात लेटरहेडवर चार ओळी लिहून घ्या: पद, रुजू झाल्याची तारीख, शेवटचा दिवस, पूर्णवेळ की अर्धवेळ. सोबत शेवटच्या ३ महिन्यांच्या पगारपावत्या ठेवा. मुलांबरोबर काम करणाऱ्या संस्था पोलिसांचं प्रमाणपत्र मागतात. ब्रिटनमधून येत असाल तर ॲक्रोचं प्रमाणपत्र तिथे असतानाच काढून ठेवलेलं बरं. इथलं चारित्र्य प्रमाणपत्र ऑनलाइन अर्ज करून मिळतं, फक्त ठाणे आणि नवी मुंबई ही दोन वेगळी पोलीस आयुक्तालयं आहेत, हे अर्ज भरताना विसरू नका.

पदवीची समकक्षता काढायला घाईघाईनं धावू नका. सरकारी किंवा विद्यापीठातल्या पदासाठी ती लागते. खासगी संस्था सहसा विचारत नाहीत. बँकेचं मात्र आल्याआल्या करा. भारतात कायम राहायला आल्यावर एनआरई आणि एनआरओ खाती निवासी खात्यात बदलून घ्यावी लागतात. पहिला पगार कुठे जमा करायचा हा प्रश्न रुजू होण्याच्या दिवशी उभा राहायला नको. पूर्वी भारतात नोकरी केली असेल तर जुना यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, शोधून ठेवा, नवा काढायचा नाही.

२. पैशाचं वर्ष समजून घ्या

सगळ्यात जास्त अर्ज वाया जातात ते इथे.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या संस्थांना मोठा आधार सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतली एक जरी मर्यादा गाठली तरी त्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा सांगतो. म्हणून महापे, रबाळे, तुर्भे, तळोजा इथे कारखाना किंवा ऑफिस असलेल्या कंपन्यांचे प्रकल्प दिघ्यातल्या वस्तीत, पनवेलच्या वाड्यांवर नाहीतर शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर दिसतात.

कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च. नवी वार्षिक योजना मंजूर होणं, संस्थेशी करार होणं, पहिला हप्ता जमा होणं यात जून-जुलै उजाडतो. माणसं घेतली जातात ती त्यानंतर, आणि तेव्हा सगळ्यांनाच घाई असते. जाहिरातीत ‘त्वरित रुजू होऊ शकणाऱ्यांना प्राधान्य’ ही ओळ दिसते ती या दिवसांत. जानेवारी ते मार्च याच्या उलट. संस्था खर्चाचे हिशेब, यूसी म्हणजे यूटिलायझेशन सर्टिफिकेट आणि फोटोंसकट अहवाल यांत बुडालेली असते. पुढच्या वर्षी पैसे येतील की नाही हे संचालकांनाही माहीत नसतं. तिकडची नोकरी डिसेंबरात संपवून लोक जानेवारीत परततात आणि नेमक्या याच काळात अर्ज करत बसतात. मग जी शांतता वाट्याला येते तिचा तुमच्या लायकीशी फारसा संबंध नसतो.

दुसरा प्रवाह परदेशी देणग्यांचा. त्याचे नियम सप्टेंबर २०२० मध्ये एफसीआरए कायद्यातल्या दुरुस्तीनं बरेच बदलले. परकीय निधीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, आणि एका संस्थेनं आपला परकीय निधी दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. मोठ्या संस्थेकडून छोट्या संस्थेकडे पैसा जायचा, तो रस्ताच मिटला. परतणाऱ्याला याची झळ अशी बसते: कम्युनिकेशन ऑफिसर, रिसर्च असोसिएट, पार्टनरशिप मॅनेजर ही त्याच्या सीव्हीला शोभणारी ऑफिसातली पदं कमी, आणि असली तर तीन कामं एकाच पदात कोंबलेली. प्रकल्पावर थेट काम करणाऱ्यांच्या जागा त्या मानानं जास्त निघतात. काही परदेशी फाउंडेशनांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं. अशा पैशावर चालणारी संस्था हेरून ठेवली तर ऑक्टोबर-नोव्हेंबरही कामाचे महिने ठरतात.

तेव्हा जमत असेल तर एप्रिल-मेमध्ये या. ते जमत नसेल तर जानेवारी ते मार्च हे महिने अर्जांत न घालवता पुढच्या पायरीत घाला.

३. नकाशा काढा, मग जाहिराती बघा

जाहिरातींसाठी डेव्हनेटजॉब्स इंडिया, एनजीओबॉक्स, अर्थन आणि लिंक्डइन या चार जागा पुरेत. रोज अर्धा तास. त्याहून जास्त वेळ तिथे घालवणं म्हणजे एकाच जागेसाठी सगळ्यांनी एकाच खिडकीत रांग लावणं.

खरं काम वहीत. तुमच्या विषयात काम करणाऱ्या २५ ते ३० संस्थांची यादी करा आणि प्रत्येकीपुढे पाच रकाने आखा: काम कुठे चालतं, पैसे कुणाचे, प्रकल्प कधी संपतो, तिथे बोलायला कोण, शेवटचं बोलणं कधी झालं. निधी देणाऱ्यांची नावं संस्थेच्या वार्षिक अहवालाच्या शेवटच्या पानांवर असतात. कंपनीच्या बाजूनंही शोधता येतं. सीएसआर लागू असलेल्या कंपनीच्या वार्षिक अहवालात सीएसआरचा तक्ता असतो. २०२२ मध्ये नमुना बदलेपर्यंत त्यात प्रकल्प, जिल्हा, रक्कम आणि कोणत्या संस्थेमार्फत काम केलं ते छापावं लागायचं, म्हणून त्याआधीचे अहवालही काढा. ‘ठाणे’ आणि ‘रायगड’ हे दोन शब्द त्या पीडीएफमध्ये शोधा. दहा-पंधरा कंपन्यांचे अहवाल असे चाळलेत तर जाहिरातीत कधीच न दिसलेल्या संस्था सापडतात.

जिल्ह्यांची सरमिसळ नीट समजून घ्या, नाहीतर मुलाखतीत फजिती होते. खारघर, कामोठे, कळंबोली पत्त्यावर नवी मुंबई. पण महापालिका पनवेलची आणि जिल्हा रायगड. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा हे तालुके १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत. ‘ठाणे जिल्ह्यातले आदिवासी तालुके’ म्हणून त्यांची नावं घेतलीत की समोरच्याला कळतं, हा बराच काळ इथे नव्हता. आजच्या ठाणे जिल्ह्यात आदिवासी भागाचं काम प्रामुख्यानं शहापूर, मुरबाड आणि भिवंडी तालुक्यात आहे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालयही शहापूरलाच.

कामाचे प्रकारही इथे बरेच आहेत. खारघरच्या सेक्टर ७ मध्ये शहरी गरिबांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या ‘युवा’चं केंद्र आहे, पनवेलजवळ तारा गावात ग्रामीण विकासाचं काम करणारं युसुफ मेहेरअली सेंटर, नेऱ्याला कुष्ठरुग्णांसाठी उभं राहिलेलं शांतिवन, ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी १९९० पासून चालणारी आयपीएच. महिला बचत गटांचं सरकारी काम पाहणाऱ्या ‘उमेद’चं राज्य कार्यालय बेलापूरला आहे. ही नावं फक्त आवाका कळावा म्हणून. तुमची यादी तुमच्या विषयाची असायला हवी.

प्रवास आधीच मोजून ठेवा. ठाण्याहून कसारा लोकलनं आसनगाव तासाहून थोडं जास्त, तिथून रिक्षानं शहापूर, आणि पुढे पाड्यावर जायला एसटी नाहीतर जीप. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून किंवा बदलापूरहून एसटी. नवी मुंबईकराला आधी ट्रान्स-हार्बरनं ठाणे गाठायचं आणि मग हे सगळं. एकदा सोमवारी सकाळी खरोखर जाऊन या. गुगल मॅपवर जीप भरायची वाट बघण्याचा वेळ धरलेला नसतो.

४. सीव्ही इथल्या भाषेत आणा

पदांच्या नावांचा घोळ इथे फार. तिकडचा ‘ऑफिसर’ मधल्या फळीतला असू शकतो. इथे तो मॅनेजरच्या हाताखालचा. ‘कोऑर्डिनेटर’ तर काहीही असू शकतो, चार कार्यकर्त्यांवर देखरेख करणारा किंवा अख्खा जिल्हा सांभाळणारा. म्हणून पदाच्या खाली हाताखाली किती माणसं होती आणि बजेट किती होतं, हे एका ओळीत लिहा. बजेट रुपयांत, लाखांत. विनामोबदला केलेलं काम इथे अनुभवाच्या वर्षांत धरत नाहीत. तरी लिहायचंच असेल तर ‘आठवड्याला १६ तास, १४ महिने’ असं तासांत लिहा.

मोठे मोठे शब्द काढून टाका. ‘स्टेकहोल्डर एंगेजमेंट आणि कपॅसिटी बिल्डिंगचा अनुभव’ या ओळीतून समोरच्याला काहीही दिसत नाही. तीच गोष्ट अशी लिहिली तर दिसते: ‘६ शाळांतल्या ४२ शिक्षकांच्या मासिक बैठका घेतल्या; मुलांची हजेरी आणि वाचन चाचणीचे निकाल यांचा दर महिन्याचा अहवाल लिहिला.’ प्रस्ताव लिहिले असतील तर किती लिहिले, किती मंजूर झाले, एकूण रक्कम किती. हे तीन आकडे छोट्या संस्थेच्या संचालकांना तुमच्या विद्यापीठाच्या नावापेक्षा जास्त कामाचे वाटतात, आणि त्यात गैर काही नाही. पुढच्या वर्षीचे पगार त्यातूनच निघायचे असतात.

सीव्ही दोन पानांत बसवा. वर चालू भारतीय मोबाइल नंबर हवा. अजून परदेशी नंबर असलेला सीव्ही बघून ‘अजून तिकडेच दिसतोय’ म्हणून बाजूला ठेवतात. अर्जाच्या ईमेलच्या विषयात पद आणि ठिकाण लिहा, फाइलला स्वतःचं नाव द्या. कव्हर लेटरमध्ये तीनच गोष्टी: कायमचे परत आला आहात, रुजू कधी होऊ शकता, आठवड्यातले किती दिवस फील्डवर जायची तयारी आहे.

मराठीबद्दल थोडं लांबण लावतो, कारण घरी मराठी बोलणारी माणसंही इथेच अडकतात. संस्थेचं निम्मं काम सरकारी पत्रांवर चालतं. युनिकोडमध्ये मराठी टाइप करता यायलाच हवं, इनस्क्रिप्टनं करा की फोनेटिकनं. आणि असं पत्र दहा मिनिटांत लिहिता यायला हवं: प्रति, मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, ठाणे. विषय: शहापूर तालुक्यातील शाळांमध्ये वाचन उपक्रम राबविण्यास परवानगी मिळणेबाबत. मग ‘महोदय/महोदया, उपरोक्त विषयान्वये…’ अशी सुरुवात, संस्थेचा नोंदणी क्रमांक, शाळांची यादी सोबत जोडलेली, कालावधी, शासनावर कोणताही आर्थिक भार पडणार नसल्याची ओळ. पत्राच्या दोन प्रती न्यायच्या. एक आवक-जावक टेबलावर द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन परत आणायची. ती पोच नसेल तर पंधरा दिवसांनी ‘पत्र मिळालंच नाही’ हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा.

५. संस्था पारखून घ्या

नोंदणी तीन प्रकारची दिसते: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली न्यास, संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली सोसायटी, नाहीतर कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर संस्थेचं नाव टाकून बघा. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआरचे पैसे घेऊन काम करणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ हा फॉर्म भरून क्रमांक घ्यावा लागतो. परकीय निधी येत असेल तर एफसीआरए नोंदणीची मुदत कधी संपते ते विचारा. ती ५ वर्षांची असते, आणि नूतनीकरण अडकलं की पगारही अडकतो. अशा संस्थेनं आर्थिक वर्ष संपल्यापासून ९ महिन्यांत परकीय निधीचा तपासलेला हिशेब स्वतःच्या किंवा सरकारनं ठरवलेल्या वेबसाइटवर ठेवायचा असतो. तो वाचा.

न्यासाचा ताळेबंद हाती आला तर शेड्यूल आठ आणि शेड्यूल नऊ बघा. आठमध्ये ताळेबंद, नऊमध्ये जमाखर्च. त्यातून एकच गोष्ट काढायची: संस्थेचं उत्पन्न किती ठिकाणांहून येतं. जवळजवळ सगळी रक्कम एकाच कंपनीची असेल तर तुमची नोकरीही त्या कंपनीच्या मर्जीवर, कागदावर पद कितीही कायमचं म्हणोत.

मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणं, पगारातला काही भाग ‘देणगी’ म्हणून परत मागणं, जास्त रकमेवर सही घेऊन कमी रक्कम हातात देणं. यांतलं काहीही कानावर आलं तर तिथूनच परत फिरा. समाजकार्याच्या नावाखाली हे खपवून घेतलं जातं, म्हणून स्पष्ट लिहिलं.

६. मुलाखत आणि एक्सेलची शीट

मुलाखतीत एक प्रश्न ठरलेला: परत जाणार नाही ना? इथे ‘मातीची ओढ’ वगैरे भाषण करू नका. दोन वर्षं थांबायची तयारी, राहतं घर कुठे आहे, पगाराबद्दल काय अपेक्षा आहे, एवढं सरळ सांगा. तुम्ही सहा महिन्यांत गेलात तर फंडरला पुन्हा नवं नाव कळवावं लागतं, ही त्यांची भीती खरी आहे.

बऱ्याच ठिकाणी लेखी चाचणी असते. एक नमुना लक्षात ठेवा. दोनेकशे ओळींची शीट देतात, अंगणवाडीतल्या मुलांची नावं, वजनं, मोजल्याची तारीख, पालकांचा मोबाइल. ‘यावरून अहवाल लिहा,’ एवढंच सांगतात. थेट सरासरी काढून आलेख काढणारे तिथेच नापास होतात. आधी शीटच तपासायची. एकच मोबाइल नंबर अकरा मुलांपुढे आहे. एका पाड्यावरच्या सगळ्या मुलांचं वजन अर्ध्या किलोच्या पटीत आहे, म्हणजे काटा नीट वाचलेला नाही किंवा बसल्या जागी भरलंय. मोजल्याची तारीख रविवारची, जेव्हा अंगणवाडी बंद असते. अहवालाच्या पहिल्या परिच्छेदात हे लिहा, आणि सोबत हेही की सेविकेवर ठपका ठेवण्याआधी काटा आणि रजिस्टर दोन्ही जाऊन बघायला हवं. ज्यानं कधी फील्डवरची माहिती हाताळली आहे तोच असं लिहितो, हे परीक्षकाला माहीत असतं.

७. पगाराचा कागद नीट वाचा

पौंडाला रुपयांनी गुणून अपेक्षा सांगू नका. ‘या पदासाठी बजेटमध्ये किती तरतूद आहे?’ असं विचारा. आकडा बहुधा मंजूर बजेटच्या एका ओळीत बांधलेला असतो आणि वर्षाच्या मध्यात हलत नाही. प्रवासखर्च, फोन, लॅपटॉप, शनिवारची सुट्टी आणि पदाचं नाव यांवर मात्र बोलता येतं.

नियुक्ती ‘कर्मचारी’ म्हणून आहे की ‘कन्सल्टंट’ म्हणून, हे नक्की पाहा. समजा दोन्हीकडे महिना ५०,००० सांगितले आहेत. कन्सल्टंटचा १० टक्के टीडीएस कापून ४५,००० हातात येतात. कर्मचाऱ्याच्या ५०,००० च्या सीटीसीत, म्हणजे त्याच्यावर संस्थेला पडणाऱ्या एकूण खर्चात, मूळ पगार २५,००० आणि पीएफ १५,००० च्या मर्यादेवर धरला, तर संस्थेचे १,८०० आणि त्याचे १,८०० पीएफ-पेन्शनला, सुमारे १,२०० ग्रॅच्युइटीची तरतूद, २०० व्यवसाय कर. हातात साधारण ४५,०००. दिसायला सारखंच. पण एकाचे महिन्याला ३,६०० साठतायत आणि त्याला भरपगारी रजा आहे. दुसऱ्याला कापलेला टीडीएस करपात्रता नसेल तर रिटर्न भरल्यावर परत मिळेल, पण रजा, पीएफ, ग्रॅच्युइटी काही नाही, शिवाय व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० स्वतः भरायचे. कन्सल्टंट व्हायला हरकत नाही. फक्त मग रक्कम तेवढी वाढवून मागा.

करारात ‘निधी बंद झाल्यास नियुक्ती संपुष्टात येईल’ हे वाक्य असणारच. त्यापुढे किती दिवसांची पूर्वसूचना ते लिहून घ्या, किमान ३० दिवस. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळ प्रतिबंध कायदा २०१३ खालची अंतर्गत समिती असायलाच हवी. तिच्या सदस्यांची नावं मागा. पाड्यावरून संध्याकाळी परतताना शेवटची गाडी चुकली तर मुक्कामाची सोय काय, हे पुरुषांनीही विचारावं.

८. तोवर काय करायचं

दीर्घकाळ फुकट काम करू नका. सहा आठवडे, आठवड्याचे दोन दिवस, ठरलेलं एक काम आणि शेवटी लेखी पत्र, इतकंच कबूल करा. त्याहून बरं म्हणजे पैसे देणारी छोटी कामं: मार्चमध्ये वार्षिक अहवालाचं लेखन-भाषांतर, एप्रिल-मेमध्ये प्रस्ताव, पावसाळ्याआधी बेसलाइन, म्हणजे प्रकल्प सुरू होण्याआधीच्या स्थितीचं, सर्वेक्षण. या कामांत बजेट आणि मुदती आतून दिसतात, आणि जून-जुलैत जागा निघते तेव्हा तुमचं नाव तिथे आधीच माहीत असतं.

अर्ज केल्यावर दहा दिवसांनी एक फोन, शक्यतो सकाळी अकरा ते एक. फील्डवरचं माणूस दुपारी उचलत नाही, संध्याकाळी लोकलमध्ये असतं. ‘व्हॉट्सॲपवर सीव्ही पाठवला तर चालेल का?’ असं विचारून मगच पाठवा. उत्तर नाही आलं तर वहीतल्या तिसऱ्या रकान्यात त्यांचा चालू प्रकल्प कधी संपतो ते बघा, आणि त्या तारखेच्या दोन महिने आधी पुन्हा फोन करा. पुढच्या टप्प्याचा प्रस्ताव तेव्हा लिहिला जात असतो, आणि त्याच्या बजेटात पदांच्या ओळी भरायच्या बाकी असतात.